“टेन्शन ऑफिसच्या गेटबाहेर ठेवून या” म्हणणाऱ्यांसाठी

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, मला तीन ग्रुपवरून आला. म्हणणं असं, की ऑफिस कामासाठी असतं, तुमचं मन सांभाळायचा ठेका कंपनीने घेतलेला नाही, आधीच्या पिढीने मानसिक आरोग्य, डिप्रेशन हे शब्दही कधी काढले नाहीत, फारच वाटलं तर मेडिटेशनचं ॲप घ्या, आणि मनाच्या त्रासासाठी रजा द्यायला लागलात तर उद्या सगळेच आजारी पडतील. बरीच वर्षं टीम सांभाळतेय, म्हणून गप्प बसवत नाही.

“घरचं टेन्शन घरी ठेवा.” अहो पण ते घरचंच आहे हे कुणी ठरवलं? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलंच नाही, कामाशी जोडलेली अवस्था म्हटलं, आणि कारण दिलं कामाच्या ठिकाणचा सततचा ताण, जो नीट हाताळला गेला नाही. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल-२ नावाचा अभ्यास १९८५ पासून चाललाय, त्यात आपल्या कामावर ज्यांचा स्वतःचा ताबा कमी त्यांना हृदयविकार जास्त असं दिसलं. म्हणजे नुसतं काम जास्त असणं एक, आणि काम जास्त असून आपल्या हातात काहीच नसणं वेगळं.

माझ्याच टीममधली एक मुलगी, कामाला एकदम चोख. हळूहळू तिचे मेल रात्री अडीच-पावणेतीनला यायला लागले. एकदा तिच्या मागून जाताना बघितलं तर दोन ओळींचा साधा मेल ती लिहायची, पुसायची, परत तोच लिहायची. मी दोन महिने समजत होते की हिचा स्पीड कमी झालाय, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी बाजूला नेऊन नुसतं विचारलं, “काय गं, झोप होतेय का?” तर रडायलाच लागली. निघालं काय, तर तीन जण तिला काम देत होते, प्रत्येकाचं अर्जंट, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. तिघांना एकत्र बसवलं, एकच यादी केली, आधी काय करायचं ते एकानेच सांगायचं असं ठरवलं, अर्ध्या तासाचं काम होतं ते. पुढे ती काउन्सेलरकडेही गेली, तो तिचा निर्णय, पण ती यादी करणं माझं काम होतं आणि ते कुठलाच काउन्सेलर करून देऊ शकला नसता.

“आधीच्या पिढीला काही झालं नाही.” झालं की, फक्त नाव नव्हतं. बीपी म्हणायचे, तापट स्वभाव म्हणायचे, घरी आल्यावर कुणाशी बोलायचे नाहीत. आणि कामाचे तास नाजूक-मजबूत बघत नाहीत. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, स्ट्रोकचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०२१ मधला अंदाज आहे.

ॲपचं म्हणाल तर माझा मेडिटेशनला विरोध नाही, मी स्वतः करते. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास आला, त्यात ॲप, रेझिलिअन्स ट्रेनिंग (ताण सोसायला शिकवणारं) वगैरे घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा काही बरे नव्हते. काम तसंच ठेवायचं आणि माणसालाच श्वास घ्यायला शिकवायचं, याने काय होणार?

आता “सगळेच खोटी रजा घेतील.” माझा अनुभव बरोबर उलटा आहे, लोक खरं असूनही लपवतात, पोट बिघडलंय म्हणून सांगतात. डिप्रेशन आणि अँग्झायटीमुळे जगभरात दरवर्षी कामाचे साधारण १२०० कोटी दिवस वाया जातात, त्यात रजेइतकाच प्रश्न असतो तो खुर्चीत बसून काहीच न सुचणाऱ्या माणसाचा.

मेसेजमधलं एक वाक्य मला मान्य आहे, मॅनेजर डॉक्टर नसतो. नसतोच, आणि त्याने “तुला डिप्रेशन आहे” असं सांगूही नये. त्याने एकांतात विचारायचं, मधे न तोडता ऐकायचं, कामात काय हलवता येईल ते बघायचं, मदत कुठे मिळते ते सांगायचं, आणि कळलेलं चार लोकांत बोलायचं नाही. एवढ्याचंही ट्रेनिंग लागतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मॅनेजरच्या ट्रेनिंगची शिफारस म्हणूनच आहे.

ती मुलगी तीन आठवड्यांच्या रजेवरून परत आली त्या दिवशी तिच्या इनबॉक्समध्ये मेलचा डोंगर होता. आम्ही दोघी बसलो, बघण्यासारखे नऊ निघाले, बाकीचे तिला उघडायलाही लागले नाहीत. टीमला काय सांगायचं हे मी तिलाच विचारलं होतं. ती म्हणाली, “रजेवर होते, एवढंच सांगा.” मी तेवढंच सांगितलं.