नारायण शेषाद्री स्कॉटलंडचे नव्हेत

जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री 'स्कॉटिश पाद्री' होते आणि त्यांची वंशावळ तिकडेच शोधावी, असा मेसेज सध्या फिरतोय. परदेशातून पूर्वजांचा माग काढणाऱ्यांची त्यामुळे दिशाच चुकते, म्हणून हा खुलासा.

शेषाद्री आपल्याकडचेच, ब्राह्मण घरातले. मुंबईत 1843 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. स्कॉटलंडची होती ती मिशन, तिथल्या फ्री चर्च या ख्रिस्ती पंथाची. मिशनचे बरेच कागद एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, पण म्हणून घराणं तिकडचं ठरत नाही.

'दोघे भाऊ मिशनरी झाले' हेही खोटं. धाकटा श्रीपत अल्पवयीन होता. कोर्टाने त्याला मिशनकडून काढून वडिलांच्या ताब्यात दिलं. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि केवढा गहजब झाला! त्या पोराच्या जिवाला काय वाटलं असेल?

बेथेलची जमीन निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जमिनीचा कागद शोधायचा तर निजामाच्या दप्तरातच बघा.