फुकट आहे म्हणून वापरायचं का? खानापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

खानापूरकर, सप्रेम नमस्कार.

'घरच्या कामाला सॉफ्टवेअर कशाला?' या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच झोड उठवली आहे. लेख न वाचलेल्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या माणसाने इतरांना 'वही वापरा' म्हणून सांगणं हा दुटप्पीपणा आहे. घर बांधायचं तर दहा प्रकारचे कारागीर, एकाचं काम दुसऱ्यावर अडलेलं, ते वहीत मावत नाही. आणि ट्रेलोसारखी साधनं (प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते स्क्रीनवरच्या बोर्डावर या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायचं) फुकट मिळतात, मग वापरायला काय जातं? तुम्ही पुण्यात आयटीत आहात, आई-वडील खानापूर तालुक्यात, जुन्या जागेवर त्यांच्यासाठी घर बांधायचं चाललंय, म्हणजे प्रश्न नुसता वादाचा नाही. 'तुमच्यासारख्यांमुळेच आपली माणसं मागे राहतात' हा शेवटचा टोला वाचून बायको मात्र हसली. असो.

दुटप्पीपणाचं आधी बघू. आमच्याकडे एका कास्टिंगमागे, म्हणजे धातू ओतून केलेल्या भागामागे, पॅटर्न, कोअर, मोल्डिंग, पोअरिंग, फेटलिंग, मशिनिंग अशी रांग असते. प्रत्येक टप्प्यावर शिफ्ट सुटताना कुणीतरी पगारी माणूस आकडे भरतो: इतके ओतले, इतके रिजेक्ट. नाही भरले तर सकाळच्या मीटिंगला त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. म्हणून स्क्रीनवर दिसतं त्यावर आम्ही विश्वास ठेवतो. घरच्या कामात हे आकडे भरणार कोण? गवंडी भरणार नाही. सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालचा साचा आणि टेकू लावणारा, फोन उचललाच तर 'नाळे बरतीनरी' (उद्या येतो) म्हणून ठेवून देतो, आणि तुमचं कार्ड 'काम चालू'च्या रकान्यात आठवडाभर जसंच्या तसं. मग शनिवारी रात्री पुण्यात बसून तुम्हीच सगळ्यांना फोन लावणार, तुम्हीच कार्डं सरकवणार, आणि तुम्हीच ती बघणार. जे तुम्हाला फोनवर कळलं तेच स्क्रीनवर पुन्हा वाचायचं. यात नवीन काय कळलं?

ही साधनं जन्माला आली तीही अशाच ठिकाणी, जिथे खबर देणं हे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम होतं. हेन्री गँटच्या नावाचे तक्ते (गँट चार्ट, प्रत्येक कामाला लागणाऱ्या दिवसांएवढी आडवी पट्टी) १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या कारखान्यांत रुळले. क्रिटिकल पाथची, म्हणजे ज्यावर सगळं अडतं ती कामांची साखळी शोधायची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्युपाँट आणि रेमिंग्टन रँड यांनी मिळून रासायनिक कारखान्यांसाठी बसवली. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची तशीच पद्धत काढली. तिथे कंत्राटदारांची फौज, आणि काम कुठवर आलं हे कळवणं त्यांच्यावर बंधनकारक. आपल्या गवंड्याशी आपला करार काय असतो? शनिवारी पगार, आणि पाया भरला की नारळ.

आता तुमचा दुसरा मुद्दा, एकाचं काम दुसऱ्यावर अडण्याचा. हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि घर बांधणाऱ्याने सगळ्यात जास्त डोकं इथेच घालावं. स्लॅबचंच घ्या. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस ४५६:२०००, त्याप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याचा (दोन आधारांमधल्या अंतराचा) स्लॅब असेल तर खालचे टेकू निदान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठा असेल तर १४ दिवस. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर १४, त्यापुढे २१. हे झाले साध्या ओपीसी सिमेंटचे दिवस. घरच्या कामाला हल्ली सर्रास पीपीसी (राख वगैरे मिसळलेलं सिमेंट) वापरतात, त्याला याहून जास्त थांबायचं. स्लॅबवर बांध घालून पाणी ठेवायचं तेही ७ ऐवजी निदान १० दिवस. आता तुमच्या बेडरूमचा गाळा बारा फुटी, म्हणजे साडेचार मीटरच्या आत. पण हॉल सोळा फुटी, तो गेला १४ दिवसांत. सेंट्रिंगवाला दोनदा येत नाही, त्यामुळे सगळ्या घराला निदान १४ दिवस धरा, पीपीसी असेल तर त्याहून जास्त. तोवर टेकूंच्या जंगलात गिलावा नाही, फरशी नाही, चौकटीसुद्धा नीट बसत नाहीत.

आणि त्याआधीची गोची वेगळीच. स्लॅबचं स्टील बांधून झाल्यावर आणि काँक्रीट पडायच्या आधी, या मधल्या एका दिवसात इलेक्ट्रिशियनने येऊन पाइप आणि फॅनचे बॉक्स टाकून जायचं असतं. तो दिवस चुकला तर पुढे छताला पट्ट्या मारून वायर न्यायची किंवा घातलेला स्लॅब फोडत बसायचं. मिक्सर मशीन ठरलेलं, खडी-वाळू येऊन पडलेली, पंधरा-वीस माणसं सकाळी सातला हजर, आणि सगळे विचारताहेत, इलेक्ट्रिशियन कुठाय. आमच्या भागातल्या निम्म्या स्लॅबांची ही कथा आहे. हे सॉफ्टवेअर नसल्यामुळे घडतं का? इलेक्ट्रिशियनचं काम स्टील आणि काँक्रीट यांच्या मधे बसतं हे ज्याला ठाऊक आहे तो ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशोबाशेजारीही लिहून ठेवेल. ज्याला ठाऊक नाही तो ते गँट चार्टमध्येही टाकणार नाही. चार्टला काँक्रीट म्हणजे काय हे माहीत नसतं.

तुम्ही म्हणाल, पण स्लॅब आठ दिवस पुढे गेला तर सॉफ्टवेअर पुढच्या सगळ्या तारखा आपोआप सरकवतं, वहीत खाडाखोड करावी लागते. बरोबर. वहीच्या विरोधातला हा एकच मुद्दा मला वजनाचा वाटतो. त्यावर माझा तोडगा साधा आहे: वहीत तारखा लिहायच्याच नाहीत. 'स्लॅब + १४ (पीपीसी असेल तर जास्त), टेकू काढणे', 'टेकू + ३, वायरिंगचे खाचे', 'वायरिंग झाल्यावर गिलावा' असं लिहायचं. तारीख एकाच ठिकाणी, स्लॅबपुढे, तीही पेन्सिलने. क्रिटिकल पाथमागचा विचार हाच, कोणतं काम लांबलं की सगळंच लांबतं ते ओळखायचं, आणि तो विचार सोन्यासारखा आहे. घरापुरता तो शाळेच्या वहीच्या एका पानावर बसतो. गेटचा रंग पंधरा दिवस रखडला तरी कुणाचं अडत नाही. चौकटी रखडल्या तर अडतं. ही दोन कामं तुमच्या बोर्डावर सारख्याच आकाराच्या कार्डांवर शेजारी शेजारी बसलेली असतात.

पावसाचं वेगळं सांगायला हवं, कारण पुण्यात राहून त्याचा विसर पडतो. आपल्या एकाच जिल्ह्यात अथणीकडे लोक ढगांची वाट बघत असतात तेव्हा कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात बाहेर ठेवलेलं सिमेंटचं पोतं दगड होऊन जातं. तुमच्या घराचा खरा मालक मृग आहे. ७-८ जूनपासून मागे मोजत या: छत झाकलेलं हवं, त्याआधी क्युरिंगचे, म्हणजे स्लॅबवर पाणी ठेवायचे दिवस, त्याआधी स्टील. स्लॅब एप्रिलमध्ये पडला पाहिजे हे तिथेच ठरतं. जूनअखेर-जुलैत भाताची लावणी लागली की हेल्पर मिळत नाहीत. गावाची महालक्ष्मी यात्रा त्या वर्षी असली तर यात्रेच्या आधीपासूनच माणसं गायब, आणि तुमच्या घरीही पाहुणे. हे सगळं सुट्ट्या म्हणून गँटप्रोजेक्ट किंवा प्रोजेक्टलिब्रे या सॉफ्टवेअरमध्ये घालता येतं, दोन्ही फुकट आहेत, मान्य. पण ते घालायला जी माहिती लागते ती तुमच्या वडिलांकडे आहे. तासभर त्यांच्याशी बोलून ती वहीत उतरवून घ्या, पुढे हवं तर टाका कुठेही.

आणखी एक. कोणतंही साधन तुमचा अंदाज सुधारत नाही. आपण आपल्याच कामाला नेहमी कमी दिवस धरतो. कानेमन आणि टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा, लागले ५५.५ दिवस. चार्टमध्ये ३४ दिवसांची निळी पट्टी ओढली म्हणून काम ३४ दिवसांत होत नाही, उलट पट्टी नीटनेटकी दिसते म्हणून तिच्यावर जास्त विश्वास बसतो. यावर त्या अभ्यासकांच्या विचारातून निघणारा उपाय आपल्या गल्लीत फुकट मिळतो. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्यांनी घरं बांधली त्यांना विचारा, पाया ते वास्तुशांती किती महिने लागले. ठरवले होते किती हे विचारू नका, लागले किती ते विचारा.

'फुकट' वर फार लिहीत नाही. ट्रेलो २०११ मध्ये आलं तेव्हापासून फुकट वापरता येतंच. पैसे जात नाहीत, संध्याकाळ जाते. लेबलला कोणता रंग द्यायचा यात रविवार घालवलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्या रविवारी विटांचा भाव विचारायचा राहिलेला असतो. ज्यांना बोर्ड सजवण्यातच आनंद आहे त्यांनी जरूर सजवावा. तो छंद झाला.

मग सॉफ्टवेअर कधीच नको? तुमच्याबाबतीत मी एक गोष्ट नक्की करीन. तुम्ही पुण्यात, भाऊ बेळगावात, वडील गावात. तिघांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेलच, पण तिथे चौकटीचं माप सकाळी येतं आणि रात्री गुड नाइटच्या फुलांखाली गाडलं जातं. म्हणून एकच शेअर केलेली गूगल शीट. रकाने चार: काम, कोण करणार, कधीपर्यंत, आणि कशावर अडलंय. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ई-स्वत्तूचा (ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा) नमुना ९ आणि ११ हातात नसेल तर पुढे काय काय अडतं, हेस्कॉम या वीज कंपनीच्या तात्पुरत्या कनेक्शनविना पंप कसा चालणार, हे त्यात दिसलं पाहिजे. शीट भरायचं काम भावाकडे द्या, कारण साइटवर तो जाणार आहे. वडिलांना मोबाइलवर शीट उघडायला लावू नका, रोज संध्याकाळी ते फोटो टाकतील तेवढं पुरे. भाऊ भरेनासा झाला तर पंधरा दिवसांत कळेलच, मग ती शीट बंद करा आणि फोनवर या.

जाता जाता तुम्ही बहिणीच्या लग्नाचंही विचारलंय. तिथे तर अडणारी कामं फारच थोडी. मुहूर्त आणि कार्यालय ठरल्याशिवाय पत्रिका छापता येत नाही, पत्रिकेशिवाय आमंत्रणाला बाहेर पडता येत नाही, संपलं. बाकी सगळी कामं सुटी आहेत, ती माणसागणिक वाटून द्या: मामाकडे वाहनं, काकूकडे आहेर, तुमच्याकडे हिशोब. मेमध्ये कार्यालय घेत असाल तर पाण्याचा टँकर कुणी मागवायचा आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे, हे बुकिंगच्या दिवशीच मॅनेजरकडून पावतीवर लिहून घ्या. आचारी ते शेवटच्या सकाळी विचारतो.