सोडवणे आणि सोडणे

कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या मॅनेजमेंट कॉलेजांच्या प्रवेश परीक्षेची, तारीख ३० नोव्हेंबर २०२५ आहे असं कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात अभ्यास आलाच नाही. आल्या त्या गाड्या. ज्याने कधी कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल गाड्यांतून बाहेर पाठवायचं काम, सांभाळलं आहे त्याच्यासमोर नुसतं ‘तीस तारीख’ म्हणून बघा, त्याचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. सेल्सची मंडळी पंचवीस तारखेपर्यंत योगनिद्रेत असतात आणि तीसला जागी होऊन महिन्याचं टार्गेट एका संध्याकाळी माझ्या गेटमधून बाहेर काढू पाहतात. नोव्हेंबरचा शेवटचा रविवार आणि महिन्याचा शेवटचा दिवस एकाच तारखेला यावेत, याला ग्रहमान म्हणतात. आईने पत्रिका दाखवायची तयारीही केली होती.

माझं वय एकतीस. बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरी, प्रतापनगरला घर. सकाळी सात पाचला कंपनीची बस. क्लासच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘रोज फक्त दोन तास द्या.’ दोन तास कोणाकडून घेऊन द्यायचे ते लिहिलं नव्हतं. माझ्याकडे एकच हक्काचा वेळ होता, तो बसमधला. त्यात खिडकीची जागा मिळाली तर उजेड असतो, पण शेजारी क्वालिटीवाले साहेब बसतात. छत्रपती चौक येईतो ते माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेले असतात. वरिष्ठ असल्यामुळे खांदा काढून घेता येत नाही. मग मी डाव्या हाताने फोन धरून ऑक्टोपसला स्वप्नं पडतात का, यावरचा इंग्रजी उतारा वाचतो. उतारा बरा असतो, प्रश्न बेकार असतो. ‘खालीलपैकी कोणती गोष्ट लेखकाला म्हणायची नाही?’ अरे, जी म्हणायची आहे ती समजायलाच खापरी येतं.

खापरीला आणखी एक त्रास आहे. तिथूनच मिहानकडे रस्ता वळतो आणि मिहानमध्ये आयआयएम नागपूर आहे. २०१५ साली सुरू झाली तेव्हा बिचारी व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात पाहुणी म्हणून राहत होती. २०२२ मध्ये स्वतःच्या जागेत आली. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत तिचं घर झालं आणि मी आहे तिथेच आहे. रोज जाताना एकदा, येताना एकदा ते वळण दिसतं. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “अरे, रोज तिथूनच तर जातो ना तू! एक दिवस उतर, अन् विचारून ये ना, काय काय कागद लागते म्हणून. आपल्या ओळखीचा कोणी आहे का तिथं?”

बाबा निवृत्त हेडमास्तर. त्यांना पर्सेंटाईल समजावणं हा माझ्या तयारीतला सगळ्यात कठीण धडा होता. एका मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, मला ९१ आले. मी हातपाय धुऊन येईपर्यंत त्यांनी तीन घरी ‘डिस्टिंक्शन’ सांगून टाकलं होतं. मग मी त्यांना बसवलं आणि सांगितलं की हे मार्क नाहीत. मार्क २०४ पैकी ६५ आहेत.

“पासष्ट? दोनशे चारपैकी? म्हणजे नापास?”

“नाही बाबा. एक्क्याण्णव टक्के लोक माझ्या मागे आहेत.”

“म्हणजे सगळेच नापास?”

मी कागद घेतला. आदल्या वर्षी, २०२४ ला, २ लाख ९३ हजार लोक परीक्षेला बसले होते. तोच हिशेब लावला तर सव्वीस हजारांहून जास्त पोट्टे माझ्या पुढे उभे आहेत. हे ऐकून आईने कपाळाला हात लावला. बाबांनी मात्र माझ्याच पेनने वजाबाकी केली. “अन् मागे दोन लाख सहासष्ट हजार. मग टेंशन काहून घेऊन राहिला बे?” हेडमास्तरांची दृष्टीच वेगळी.

क्लास धरमपेठेत, शनिवार-रविवार. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो आणि वीस-बावीस इंजिनिअरिंगची मुलं बोलता बोलता गप्प झाली. पुढच्या बाकावरचा एक तर उठून उभा राहिला. मी मागे जाऊन बसलो तेव्हा उठलेल्याने इतक्या तिरस्काराने बघितलं, जणू मी त्याची फसवणूक केली. खरेखुरे सर दहा मिनिटांनी आले. ते चोवीस वर्षांचे होते आणि मला ‘दादा’ म्हणाले.

पण पोरगा हुशार. त्याने पहिल्याच तासाला फळ्यावर दोन शब्द लिहिले: ‘सोडवणे’ आणि ‘सोडणे’. म्हणाला, तुम्ही सगळे इथे प्रश्न सोडवायला आला आहात. ही परीक्षा प्रश्न सोडणाऱ्यांची आहे. एकूण ६८ प्रश्न, प्रत्येक भागाला मोजून चाळीस मिनिटं, बरोबर आलं तर तीन, पर्यायाचा प्रश्न चुकला तर एक वजा. गणिताच्या बावीसपैकी दहा-अकरा नीट आले तरी तुम्ही पुष्कळ पुढे आहात. बाकीचे सोडायचे. कुठला प्रश्न हातात घ्यायचा नाही हे ज्याला तीस सेकंदांत कळतं तो आत, ज्याला इगो आहे तो बाहेर. मधला ‘व’ खोडून तो म्हणाला, “फरक एवढाच आहे.”

मी ते वहीत लिहून घेतलं. पण आठ वर्षं डिस्पॅचमध्ये काढलेल्या माणसाला सोडणं म्हणजे एकच माहीत, गाडी सोडणं. आणि तीही सगळे कागद तपासल्याशिवाय मी आजवर सोडलेली नाही.

माझा घात केला तो डीआयएलआरने. डेटा आणि तर्क. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सहा ट्रक आहेत, तीन गेट आहेत. रायपूरचा ट्रक हैदराबादच्या आधी भरता येत नाही. भिवंडीचा ट्रक दोन नंबरच्या गेटवर लागत नाही. पिवळा ट्रक ज्याचा आहे तो अकोल्याला जात नाही. तर चौथा ट्रक कोणाचा? आता मला सांगा, हे मी रोज करतो. याचा मला पगार मिळतो. दिवसाला सहा काय, अठरा ट्रक करतो. पण क्लासमध्ये त्या पोरांनी बारा मिनिटांत कोडं संपवलं आणि मी अडतिसाव्या मिनिटाला दोन ट्रक एकाच गेटमध्ये घालून बसलो होतो. खूप विचार केला तेव्हा कारण सापडलं. बुटीबोरीत असा पेच आला की मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडतो, “भाऊ, जरा मागे घे ना, याले जाऊ दे.” तो शिवी देतो, मागे घेतो, प्रश्न संपतो. परीक्षेत ड्रायव्हरशी बोलायची सोयच नाही.

ऑगस्टमध्ये पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मारबत बघायला महाल भागात गेलो. काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे असतात आणि लोक आपापली पीडा तिच्या गळ्यात बांधतात. कोणी महागाई, कोणी खड्डे. माझ्या तोंडातून निघालं, “डीआयएलआर घेऊन जा गे मारबत!” बाजूला नाचणाऱ्या दहा-बारा पोट्ट्यांना वाटलं हा नवीन ताप आहे. त्यांनीही सूर धरला, “डीआयएलआर घेऊन जा गे मारबत!” पार गल्लीच्या टोकापर्यंत ते आवाज गेले. बायको चार पावलं लांब उभी राहून दुसऱ्याच कुटुंबासोबत आल्यासारखी बघत होती. मारबतीने ऐकलं, पण गर्दीत नीट ऐकू आलं नसावं. पुढच्या मॉकमध्ये डीआयएलआर होतं तिथेच होतं आणि इंग्रजीचे मार्क गेले.

इंग्रजीत एक प्रकार असतो, विस्कटलेली चार वाक्यं नीट क्रमाने लावायची. पर्याय नसतात, चुकलं तर वजा होत नाही, म्हणून सर म्हणायचे, हे कधी सोडू नका. याचा सराव मला आईने फुकट दिला. एका रात्री मी जेवत असताना तिने शेजारच्या घरची बातमी या क्रमाने सांगितली:

“शेवटी नवीनच बसवला म्हणे. आवाज किती करत होता! काकूंना आता जरा झोप लागून राहिली. आधी ते म्हणत होते, तेल देऊन चालेल.”

मी घास हातात धरून क्रम लावला. दोन, चार, एक, तीन. आवाज करत होता, तेल देऊन बघितलं, नवीन बसवला, झोप लागते. एकदम चोख. म्हणालो, “बरं झालं, त्यांचा कूलर तसाही माझ्या लहानपणापासूनचा होता.”

आई म्हणाली, “कूलर काय रे? गुडघा!”

क्रम बरोबर होता. सर म्हणतात ते हेच, क्रम लागतो पण उतारा कळत नाही.

त्याच शेजारच्या घरातल्या काकांनी माझी आणखी एक पंचाईत केली. रात्री एकपर्यंत दिवा दिसतो म्हणून त्यांनी ठरवून टाकलं की मी एमपीएससी करतो आहे. आपल्याकडे पुस्तक घेऊन बसलेला प्रौढ माणूस दुसरं काय करत असणार! मी दोनदा सांगितलं, “काका, ती नाही.” ते डोळा मारून म्हणायचे, “हो हो, निकाल लागेपर्यंत सांगायचं नसते.” ऑक्टोबरमध्ये ते सातबाराचा उतारा घेऊन आले. गावाकडे फेरफार अडकला होता. आत्ता नाही, पण साहेब झाल्यावर लक्ष असू द्या म्हणाले. जाताना अनारसे ठेवून गेले. ते मी खाल्ले, त्यामुळे आता मला नैतिकदृष्ट्या तहसीलदार होणं भाग आहे.

राहिला ऑफिसचा प्रश्न. आधी मी चुलत भावाचं लग्न सांगणार होतो. पण आमच्या साहेबांना प्रत्येक लग्नाचं मेनूकार्ड विचारायची सवय आहे, म्हणून खरंच सांगितलं. तीस तारखेला दुपारी सुट्टी पाहिजे, कॅट आहे. मला वाटलं आता वादळ येणार. साहेबांनी चष्मा काढला आणि खुर्ची मागे रेलली.

“मी पण दिली होती. दोन हजार सातला.”

पुढचा पाऊण तास मी २००७ मध्ये होतो. तेव्हा परीक्षा कागदावर व्हायची, कॉम्प्युटरवर ती २००९ ला गेली. गोळे रंगवायचे, पेन्सिलला टोक किती ठेवायचं, बाजूच्या मुलीने कसं भराभर रंगवलं आणि तिच्याकडे बघताना यांच्या उत्तरपत्रिकेत एक ओळ कशी सरकली. सगळी उत्तरं एका घराने खाली गेली. “नाहीतर आज मी इथं नसतो,” ते खिडकीबाहेर उभ्या ट्रककडे बघत म्हणाले. मलाही क्षणभर वाईट वाटलं. मग त्यांनी चष्मा लावला. “जा तू. फक्त फोन चालू ठेव.”

तीस तारखेला माझा शेवटचा स्लॉट होता, साडेचारचा. सेंटर हिंगणा रोडकडे. सकाळी सहाला प्लांटवर गेलो, एक वाजेपर्यंत चौदा गाड्या काढल्या आणि रायपूरची तेवढी असिस्टंटवर टाकून निघालो. त्याला तीनदा सांगितलं, ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यावर न्यायचा सरकारी कागद, निघाल्याशिवाय हलवायची नाही. पोहोचलो तर गेटवर शंभर एक पोरं प्लॅस्टिकच्या पिशवीत ओळखपत्र घेऊन उभी होती. मी सेफ्टी शूज घातलेले. जाड तळाचे चालत नाहीत म्हणून काढून ठेवले आणि मोज्यांवर आत गेलो. फोन तर अर्थात आत नेता येत नाही. समोरच्या पानठेल्यावर एका बरणीच्या मागे फोनांची रांग लागली होती, एकाचे वीस रुपये. साहेबांना शब्द दिला होता म्हणून मी बंद न करता ठेवला.

पेपरबद्दल काय सांगू. इंग्रजीत चार उतारे होते, त्यातला एक समजला, त्याच्यावरचेच प्रश्न चुकले असतील. डीआयएलआर सुरू झालं आणि पहिल्याच सेटने मला बोलावलं. ओळखीचा चेहरा. मांडणी, अटी, कोण कोणाच्या आधी. मी रफ कागदावर तक्ता आखला, दोन घरं भरली, तिसरं अडलं. नेहमीचा मी असतो तर त्या सेटसोबत लग्न करून बसलो असतो. पण त्या दिवशी सकाळपासून चौदा गाड्या काढून माझ्यात भांडायची ताकद उरली नव्हती. घड्याळ बघितलं, चार मिनिटं गेली होती. मी तक्त्यावर काट मारली आणि पुढे गेलो. सोडला! आयुष्यात पहिल्यांदा. इतकं हलकं वाटलं की त्या आनंदात आणखी एक सेट सोडला, जो बहुतेक सोपा होता. गणितात स्क्रीनवरच्या कॅल्क्युलेटरचं एकेक बटण माऊसने दाबता दाबता चाळीस मिनिटं संपली.

साडेसहा वाजले होते. बाहेर अंधार पडला होता, गार वारा सुटला होता. बूट हातात घेऊनच मी पानठेल्यावर गेलो. ठेलेवाल्याने मला न विचारता माझा फोन काढून दिला.

“हा तुमचाच ना? लय वाजला भाऊ. पंधरा-सोळा डाव. बाकी पोरांचे एक-दोन डाव वाजले, तुमचा दमच नाही घेऊन राहिला. शेवटी मीच उचलला.”

“कोण होतं?”

“कोणतरी पोट्टा होता. सर, रायपूरची गाडी सोडू का, सर, रायपूरची गाडी सोडू का. एकच रट. म्या म्हणलं, सर पेपरात हायेत, तू सोडून दे ना बे.”

“मग?”

“मग काय, सोडली त्यानं.”

“ई-वे बिलाचं काही बोलला का तो?”

ठेलेवाल्याने सुपारी कातरायचं थांबवून थोडा विचार केला. “नाही बा. तसं काही नाही बोलला.”

मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि खिशातून पन्नासची नोट काढली. त्याने तीस रुपये परत केले.

“फोन ठेवायचे वीस झाले,” तो म्हणाला. “गाडीचे काही नाही.”