डाव्या हाताचं कोण लिहिणार?

मागच्या रविवारी पंचवटीत एका मित्राकडे आम्ही अकरा जण जमलो होतो. सगळे पेटी, अकॉर्डियन, कीबोर्डवाले. विषय एकच, वादकांची संघटना काढायची. पावणेदोन तास बसलो. त्यातला तासभर अध्यक्ष कोण आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यात गेला, उरलेला वेळ लेटरहेडवर वीणा छापायची की पेटी यात. मिसळ मात्र झकास होती.

घरी आलो आणि माळ्यावरून अण्णांचं अकॉर्डियन खाली काढलं. माझे वडील ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपती, लग्नं, कंपन्यांची स्नेहसंमेलनं. वाद्याच्या डब्यात त्यांची वहीही असते. पेन्सिलने लिहिलेली सरगम, कुठे श्वास घ्यायचा, कुठे भाता उलटा फिरवायचा, सगळं आहे. पण ते फक्त उजव्या हाताचं. डाव्या हाताबद्दल अख्ख्या वहीत अक्षर नाही.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या अकॉर्डियनला डावीकडे १२० बटणं असतात. दोन ओळी सुट्या खर्जाच्या सुरांच्या, चार ओळी तयार कॉर्डच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांच्या. एक बटण दाबलं की अख्खी कॉर्ड वाजते. वाद्याचं नावच त्यावरून पडलंय. १८२९ साली व्हिएन्नात सिरिल डेमियानने पेटंट घेतलं तेव्हाच एका पट्टीत एक कॉर्ड ही त्याची खरी करामत होती. आपल्या सरगमीत हे लिहायला जागाच नाही. अण्णा गेले आणि त्यांचा डावा हात त्यांच्याबरोबर गेला.

आता अमेरिकेची गोष्ट. तिथेही हीच बोंब होती. प्रत्येक प्रकाशक डाव्या हाताचं आपापल्या पद्धतीने छापायचा. १९३८ साली न्यूयॉर्कमध्ये बारा जण एकत्र आले आणि त्यांनी अमेरिकन अकॉर्डियनिस्ट्स असोसिएशन काढली. पहिला अध्यक्ष पिएत्रो दैरो, इटलीहून आलेला, तमाशाच्या फडासारख्या तिथल्या व्होडव्हिल रंगमंचावर नाव कमावलेला. (त्याचा भाऊ ग्विदोही तितकाच नावाजलेला. रंगमंचावर पियानो अकॉर्डियन आधी कुणी आणलं यावर दोघा भावांचं हाडवैर. म्हणजे 'मान कुणाचा' हा रोग फक्त आपल्याकडचा नाही.)

या लोकांनी अगदी सुरुवातीला काय हातात घेतलं? डाव्या हाताचं लेखन. पाश्चात्त्य स्वरलिपीत सूर पाच आडव्या रेघांवर लिहितात. त्यातल्या मधल्या रेघेच्या खाली सुटा खर्ज, वर कॉर्ड. कॉर्डचा एकच सूर लिहायचा आणि शेजारी कॉर्डच्या प्रकाराची एक खूण, मेजर, मायनर, सेव्हन्थ की डिमिनिश्ड. बास. इतकं रटाळ काम! याला हारतुरे नाहीत, फोटो नाही. पण त्यामुळे एका गावात छापलेलं दुसऱ्या गावचं पोर वाजवू लागलं.

पुढच्याच वर्षी, १९३९ मध्ये, संस्थापकांपैकी चार्ल्स मॅग्नांटे तीन सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कच्या नामांकित कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसला. तिथला तो पहिला अकॉर्डियनचा कार्यक्रम. फोटो म्हणाल तर हा. पण मला त्याहून मोठी वाटते एल्सी बेनेट ही बाई. संस्थेच्या वतीने ती नामवंत संगीतकारांच्या मागे लागायची की आमच्या वाद्यासाठी नवीन काहीतरी लिहा, पैसे देतो. १९५७ मध्ये पॉल क्रेस्टनपासून सुरुवात झाली, मग हेन्री कॉवेल, व्हर्जिल थॉमसन, विल्यम ग्रँट स्टिल. लग्नात वाजणारं वाद्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तिने वाद न घालता उत्तर दिलं.

यात स्वार्थ नव्हता असं नाही. खुद्द दैरोचा स्वरलिपी छापून विकायचा धंदा होता, लेखन एकसारखं झालं की विक्री वाढणारच. असू दे की! आणि संघटना होती म्हणून वाद्य तरलं असंही नाही. साठच्या दशकात पोरांनी गिटार उचलली आणि अकॉर्डियन माळ्यावर गेलं, तिथे आणि पुढे इथेही. सिनेमाच्या गाण्यांसाठी मुंबईच्या स्टुडिओंत गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी जे वाजवलं ते लोकांच्या कानात आहे, पण कागदावर किती आहे? त्या अमेरिकनांचं निदान लिहिलेलं उरलं.

हे परदेशाचं कौतुक वाटत असेल तर आपल्या गोदाकाठाचं सांगतो. ज्या पंचवटीत आम्ही लेटरहेडवर भांडलो, तिथेच पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांचा आश्रम होता. त्यांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तकं छापली. १९३१ साली ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. त्या बारा जणांच्या सात वर्षं आधी! प्रारंभिक ते अलंकार, सगळ्या परीक्षा तिथल्याच. आज नाशिकच्या गल्लीत पेटी शिकणारी पोरगी जी परीक्षा देते ती त्या किचकट कामाची कमाई आहे.

आणि पेटी तर आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत दाराबाहेर ठेवली होती. पेटीवाले नाटकात, कीर्तनात, बैठकीत वाजवत राहिले. वाजवणं आपल्याला कधी कमी पडलं नाही हो.

म्हणून ग्रुपवरच्या मंडळींना जाहीर विनंती. अध्यक्ष कुणालाही करा, मला चालेल. पण पहिल्या बैठकीत विषय एकच ठेवा, सरगमीच्या खाली डावा हात कसा लिहायचा. मी अण्णांच्या वहीतली सहा गाणी घेऊन बसलोय. त्यांच्याबरोबर ढोलकी वाजवणारे काका अजून जेलरोडला राहतात, वय ऐंशीच्या पुढे. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जातो, कॉर्ड वाजवून दाखवतो. ते डोळे मिटून ऐकतात आणि म्हणतात, "नाही रे, इथे तुझा बाप खाली यायचा."

आतापर्यंत दीड गाणं झालंय.