‘इंजिनांच्या स्पर्धेत कसली आलीय फसवणूक?’

बुद्धिबळातल्या फसवणुकीचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरतो: ‘मोबाइल लपवायची भानगड माणसांची. इंजिन म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्राम; इंजिन विरुद्ध इंजिन स्पर्धेत फसवणार कोण? सगळ्यांना एकाच मशीनवर खेळवा, प्रश्न मिटला. कोड तर ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुलाच असतो, मग चोरी कसली? तरी शंका आलीच तर चाली जुळवून बघा.’

फसवणार कोण? इंजिन स्वतःच्या नावावर उतरवणारा. आयसीजीए या संगणक-खेळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जागतिक स्पर्धेत प्रोग्राम लेखकाचा स्वतःचा असावा लागायचा. दुसऱ्याचा कोड वापरला तर तसं जाहीर करावं लागायचं. याच नियमावर २०११ मध्ये ‘रिब्का’ हे इंजिन बाद झालं आणि २००७ ते २०१० ची चारही जगज्जेतेपदं गेली. आरोप ‘फ्रूट’ या इंजिनाचा कोड उचलल्याचा. लेखक वासिक रायलिच यांनी तो नाकारला. रिब्काचा सोर्स कोड, म्हणजे लेखकाने लिहिलेला मूळ कोड, हाती नव्हता, म्हणून जाणकारांनी तयार प्रोग्रामच उलगडून वाचला. सुरुवातीच्या आवृत्तीत वेळेचा हिशोब पूर्णांकांत चालायचा, पण एका ठिकाणी तुलना मात्र ०.० या दशांश संख्येशी! फ्रूटमध्ये वेळ दशांशातच मोजतात, तिथे ते ०.० शोभतं. एवढ्यावर कुणी दोषी ठरत नाही, पण संशयाला जागा मिळते. समितीने मुख्य भर दिला तो डावाचं मूल्यमापन करणाऱ्या भागातल्या साम्यावर.

एकच मशीन? चांगलीच कल्पना. टीसीईसी या इंजिनांच्या ऑनलाइन स्पर्धेत इंजिनं आयोजकांच्याच सर्व्हरवर चालतात, त्यामुळे ऑपरेटरची लुडबुड आणि हार्डवेअरची चढाओढ दोन्ही संपते. पण उचललेला कोड त्या मशीनवरही तितक्याच जोमाने धावतो.

‘ओपन सोर्स म्हणजे फुकटचं’ हा समज तर जावाच. फ्रूट २.१ काय किंवा स्टॉकफिश काय, ही इंजिनं जीपीएल नावाच्या परवान्याखाली आहेत. बदल करून वाटा, विकासुद्धा, पण सोर्स कोड त्याच अटींवर द्या. त्यावरूनच स्टॉकफिशच्या मंडळींनी २०२१ मध्ये चेसबेस या बुद्धिबळ सॉफ्टवेअर कंपनीवर खटला भरला. २०२२ मध्ये तडजोड झाली.

राहिलं चाली जुळवणं. त्या वादातलं चेसबेसचं ‘फॅट फ्रिट्झ २’ बघा: चाली शोधणारा कोड स्टॉकफिशचा, मूल्यमापनाचं न्यूरल नेटवर्क वेगळं. नेटवर्क बदललं की चालींची पसंतीही बदलते आणि आतला उसना कोड झाकला जातो. उलट, दोन स्वतंत्र इंजिनं सर्वोत्तम चालीवर एकत्र येतात, कारण चाल खरोखरच सर्वोत्तम असते. जुळणी चौकशी सुरू करायला ठीक, निकाल द्यायला नाही.

आणि निकाल कोण देतं, हेही पाहायला हवं. रिब्काच्या चौकशी समितीत प्रतिस्पर्धी इंजिनांचे लेखकही होते. पुढे २०१५ मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नीती आयोगाने रायलिच यांच्यावर घातलेल्या आजीवन बंदीबद्दल उलट आयसीजीएलाच दोषी धरलं. म्हणून माझ्या मते सोर्स कोड स्पर्धेआधीच द्यायला लावावा, तोही स्पर्धेत इंजिन नसलेल्या पंचाकडे. त्याने तो स्वतः कंपाइल करावा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवावा, आणि पटावर तीच फाइल उतरवावी.