कोशर आहे म्हणजे बळीला चालतं? नाही हो!

ते फॉरवर्ड फिरतंय ना, की ज्यूंमध्ये जो प्राणी खायला कोशर (म्हणजे धर्मनियमांनी खायला चालणारा) तो मंदिरात बळी द्यायलाही चालायचा, ते चूक आहे. हरीण कोशर, कोंबडीपण कोशर, पण वेदीवर दोन्ही नाही. तिथे फक्त गाय-बैल, मेंढरं, बकऱ्या आणि पक्ष्यांत होला नाहीतर पारवा, बस. त्यातही जनावर जन्मून ८ वा दिवस लागलेला हवा, आणि आंधळं, लंगडं, खरूज झालेलं बाद, बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात यादीच आहे (मलाखी संदेष्टा तर असली जनावरं आणणाऱ्यांना म्हणतो, तुमच्या सुभेदाराला देऊन बघा की!). अगदी गरिबाला काही पापार्पणांसाठी नुसतं पीठही चालायचं, हे कुणी सांगतच नाही. आणि इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं तेव्हापासून मंदिरातले बळी बंदच आहेत.