"जड गाडीच वाचवते" या मेसेजला उत्तर

मराठवाड्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. एका बाजूला जुनी अ‍ॅम्बॅसिडर, दुसऱ्या बाजूला समृद्धीवर चक्काचूर झालेली नवी गाडी. खाली मजकूर: "पूर्वीच्या गाड्या अस्सल लोखंडाच्या होत्या. आता कंपन्यांनी पैसे वाचवायला वजन कमी केलं आणि पत्र्याचे डबे विकायला काढले. धडकेत जड गाडीच वाचवते. गाडी घेताना वजन बघून घ्या." छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत हजारो लोक गाड्यांचे सुटे भाग बनवून पोट भरतात. त्याच गावात हा मेसेज खरा मानला जातो, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"पूर्वीच्या गाड्या जड, आताच्या हलक्या."

आकडे उलटं सांगतात. अ‍ॅम्बॅसिडर साधारण 1,100 किलोची, प्रीमियर पद्मिनी 900 च्या आसपास, तर 1983 ला आलेली मारुती 800 जेमतेम साडेसहाशे किलोची. आजची टाटा नेक्सॉन अ‍ॅम्बॅसिडरपेक्षा फूटभर आखूड आहे, तरी बाराशे किलोच्या पुढे जाते. फोक्सवॅगन गोल्फ 1974 मध्ये आठशे किलोच्या घरात होती, आता बाराशेच्या वर आहे. एअरबॅग, एसी, दारांच्या आतले आडवे दांडे, रुंद टायर अशी भर पडत वजन वाढत गेलं. आणि 'अस्सल लोखंडाची' अ‍ॅम्बॅसिडरसुद्धा मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली, पत्रा दाबून आणि वेल्ड करून बनवलेल्या मोनोकॉक बांध्याचीच (म्हणजे खाली वेगळा सांगाडा नसलेली) होती.

"वजन कमी करणं ही पैसे वाचवायची नवी युक्ती."

नवी तर नाहीच. हेन्री फोर्डची मॉडेल टी 1908 ची. वजन सुमारे साडेपाचशे किलो, इंजिन 20 हॉर्सपॉवरचं. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या चिखलाच्या वाटांवर जड गाडी रुतायची आणि ही निघून जायची. मोक्याच्या भागांसाठी फोर्डने व्हॅनेडियम मिसळलेलं पोलाद वापरलं, म्हणजे कमी जाडीत जास्त ताकद. 1913 मध्ये हायलंड पार्कला फिरती असेंब्ली लाइन आली, तेव्हा साडेबारा तासांचं चॅसिस (गाडीचा सांगाडा) जोडणीचं काम पुढच्या वर्षभरात दीड तासावर उतरलं. 1927 पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. स्वस्त गाडीचा हा इतिहास हलक्या गाडीपासून सुरू होतो.

पैशाचं म्हणाल तर प्रेस शॉपमध्ये (पत्रा दाबून भाग बनवतात तिथं) काम करणाऱ्या कुणालाही विचारा. साधा मऊ पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, सहज बसतो. उच्च ताकदीचा पत्रा दाबला की स्प्रिंगबॅक होऊन मागे येतो, डाय लवकर झिजते, प्रेस जास्त टनाची लागते. खांब आणि बीम यांच्यासाठी बोरॉन स्टील वापरायचं तर पत्रा 900 अंशांच्या वर तापवून, दाबता दाबता पाण्याने गार केलेल्या डायमध्येच कडक करावा लागतो. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चौपटीहून जास्त भरते. किलो कमी लागतात, पण प्रत्येक किलो महाग पडतो. जालन्याच्या सळईचा ग्रेड विचारूनच आपण स्लॅब टाकतो ना? गाडीच्या पोलादालाही ग्रेड असतो, आणि तो जाडीवरून कळत नाही.

बोटाने चेपतो तो बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा. ती गाडीची कातडी आहे. हाडं आत आहेत.

"धडकेत जड गाडीच वाचवते."

हे वाक्य सर्वांत जास्त घातक आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात काय झालं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, वर मातीचं जाड माळवद. घर भक्कम वाटायचं. जमीन हलली तेव्हा जितकं वजन तितका जोर त्या घरावर आला, मातीत रचलेले दगड एकमेकांना धरू शकले नाहीत आणि हजारो माणसं झोपेतच गेली. वजन होतं, बांधणी नव्हती.

गाडीतही हेच गणित चालतं. ताशी 54 किलोमीटरने जाणारी गाडी कडुलिंबाला धडकली, तर तिची सगळी गतिज ऊर्जा कुठंतरी जिरायला हवी, आणि गाडी जितकी जड तितकी ती ऊर्जा जास्त. पुढचा भाग 60 सेंटिमीटर चेपला तर आतल्या, बेल्ट लावलेल्या माणसावर त्याच्या वजनाच्या सुमारे 19 पट जोर येतो. पुढचा भाग कडक राहून गाडी 15 सेंटिमीटरमध्येच थांबली तर 76 पट. चेपणं हे त्या भागाचं काम आहे. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेन्यी यांनी हा विचार 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडला आणि 1959 पासून तो त्यांच्या गाड्यांत आला. पुढचं-मागचं चेपावं, मधली केबिन टिकावी, असा तो विचार.

2009 मध्ये अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ता सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने 1959 ची शेव्हरले बेल एअर आणि 2009 ची शेव्हरले मॅलिबू समोरासमोर धडकवल्या. वजन जवळपास सारखंच. जुन्या गाडीची केबिनच आत घुसली. तिचा चालक वाचला नसता. नव्या गाडीतल्याचा पाय दुखावला असता. आपल्याकडचं उदाहरण हवं तर 2016 ची ग्लोबल एनकॅपची चाचणी पाहा. ही संस्था गाड्या धडकवून त्यांना सुरक्षेसाठी पाचपैकी तारे देते. एअरबॅग नसलेली तेव्हाची स्कॉर्पिओ, त्या फेरीतली सगळ्यांत जड गाडी, शून्य तारे घेऊन आली. 2022 मध्ये नव्याने बांधलेल्या स्कॉर्पिओ-एनने पाच तारे मिळवले.

मेसेजमध्ये एक कण खरा आहे, तो नाकारणार नाही. दोन टनांची आणि एक टनाची गाडी प्रत्येकी 50 च्या वेगाने समोरासमोर भिडल्या, तर हलकीच्या वेगात सुमारे 67 चा फरक पडतो आणि जडच्या वेगात 33 चा. हलकीतल्यांना जास्त मार बसतो. पण बीड-लातूरच्या रस्त्यांवर हंगामात रात्री रिफ्लेक्टरशिवाय उभी असलेली उसाची ट्रॉली किंवा तीस टनांचा ट्रक समोर असेल, तर तुमचे जास्तीचे दोनशे किलो काहीच करत नाहीत. तिथं ट्रॉलीला रिफ्लेक्टर आणि मागे गार्ड हवा. आणि समृद्धीवर वेग 80 वरून 120 वर नेलात की ऊर्जा सव्वादोनपट होते. इतका फरक कुठलंही वजन भरून काढत नाही.

"गाडी घेताना वजन बघून घ्या."

वजन नको, तारे बघा, आणि ते नेमके कोणत्या मॉडेलला मिळाले ते बघा. आपल्याकडची तशीच चाचणी, भारत एनकॅप, 2023 पासून सुरू आहे. मोठ्यांचे आणि लहान मुलांचे तारे त्यात वेगळे असतात. मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट लावा. आणि या मेसेजच्या नादाने पुढे लोखंडी बंपर गार्ड बसवला असेल तर काढून टाका. केंद्राने डिसेंबर 2017 मध्येच त्याला मनाई केली आहे. तो गार्ड धडकेचा जोर थेट चॅसिसमध्ये नेतो, चेपायच्या भागाला चेपू देत नाही, आणि त्यामुळे एअरबॅगच्या सेन्सरचं वेळेचं गणितही चुकू शकतं.